ट्रॅकसाठी जुनी स्विफ्ट १.३ : सोलापुरात राहून, खिशाला झेपेल तेवढीच

गाडी : मारुती सुझुकी स्विफ्ट व्हीएक्सआय, १.३ पेट्रोल, मॉडेल २००८, पासिंग एमएच-१३. मी तिसरी मालक. सहा दिवस घर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, आणि सवड मिळेल तेव्हा रेसचा ट्रॅक.

घाईतल्यांसाठी निकाल आधीच देऊन टाकते. ट्रॅकवर गाडी चालवायला शिकायचंय, बजेट बेताचं आहे आणि राहता सोलापुरात, तर पहिल्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट घ्या. हिच्यापेक्षा जोरात पळणाऱ्या गाड्या भरपूर आहेत. पण सकाळी मोडलेला पार्ट संध्याकाळी गावातल्याच दुकानात, तोही दोन-तीन कंपन्यांचा भाव विचारून घेता यावा, अशी दुसरी गाडी मला माहीत नाही. पुढचं सगळं याच मुद्द्याभोवती फिरतं. तो पटत नसेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

‘ही कसली हॉट हॅच?’ (हॉट हॅच म्हणजे जोरात पळणारी छोटी गाडी) हे मी ट्रॅकवर ऐकलंय, घरीही ऐकलंय. मे २००५ मध्ये गाडी आली ती १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ८७ बीएचपी, ११३ एनएम आणि हजार किलोच्या आसपास वजन घेऊन. बाहेरच्या देशांत हिचीच १.६ लिटरची, १२५ पीएसची (पीएस आणि बीएचपी ही ताकदीची जवळपास सारखीच मापं) ‘स्पोर्ट’ मिळायची. ती आपल्याकडे कधी आलीच नाही. आपल्या वाट्याला आली ती आखूड, चारी चाकं पार कोपऱ्यांना ढकललेली बॉडी आणि साधं इंजिन. २०१० मध्ये १.२ चं के-सिरीज इंजिन आलं. तेही चांगलं आहे, मायलेजही जास्त. तरी माझी पसंती जुन्या १.३ ला, कारण ते वरच्या आरपीएमला मोकळं पळतं, आणि जिप्सी-एस्टीमच्या घराण्यातलं असल्यामुळे सोलापुरातल्या जुन्या मिस्त्रींनी ते इतक्या वेळा उघडलेलं असतं की बोल्टचा नंबर बघावा लागत नाही.

मोह दुसऱ्या गाड्यांचाही झाला. फियाट पालिओ १.६ ही आपल्याकडची खरी जुनी हॉट हॅच. २००१ ची गाडी, १०० बीएचपी, आणि स्टीअरिंग असं की रस्त्यावरचा खडा हाताला कळावा. २०१५ ची अबार्थ पुंटो तर १४५ पीएसची, चारही चाकांना डिस्क. पण फियाटनं इथल्या गाड्या विकणं बंद करून बरीच वर्षं झाली. शिवाय पालिओच्या चाकाचे बोल्ट ४ बाय ९८ वर (चार बोल्ट, ९८ मिलिमीटरच्या वर्तुळावर) बसतात, स्विफ्टचे ४ बाय १००. फरक दोन मिलिमीटरचा, पण अलॉयच्या दुकानात ४ बाय १०० च्या थप्प्या लागलेल्या असतात आणि ४ बाय ९८ विचारलं की दुकानदार पुण्याला फोन लावतो. पोलो जीटी टीएसआय (२०१३, १०५ पीएस, सात गिअरची डीएसजी म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक) ट्रॅकवर मला दरवेळी मागे टाकते. तिच्या गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं तर मात्र तेवढ्या पैशात माझ्यासारखी आणखी एक अख्खी स्विफ्ट येते.

आमचे मिस्त्री, उस्ताद, साठीच्या घरातले. आयुष्य जिप्सी, ओम्नी आणि रिक्षांत गेलेलं. ट्रॅकवर जायचंय म्हटल्यावर त्यांनी बॉनेट उघडलंच नाही, वाकून चाकाच्या आत बघितलं आणि म्हणाले, “ताई, भागने का बाद में देखेंगे. पैले रुकने का बोलो.” तोच क्रम धरला, आणि तोच सांगते.

ब्रेक. पुढे व्हेंटिलेटेड डिस्क, मागे ड्रम. शहरात आणि हायवेला हे पुरतात. ट्रॅकवर मात्र दर काही सेकंदांनी शंभर-सव्वाशेवरून पन्नास-साठवर यावं लागतं, आणि त्यातली बहुतेक उष्णता पुढच्या दोन डिस्कमध्ये जाते. इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडतात आणि बहुतेक जण त्यांची गल्लत करतात. पेडल लांब, मऊ जायला लागलं म्हणजे ब्रेक ऑइल उकळतंय, त्यात वाफ झालीय. पेडल दगडासारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे ऑइल ठीक आहे, पॅड तापून पकड सोडतायत. पहिल्याला ऑइल बदला, दुसऱ्याला पॅड. दोन्ही न बघता ‘मोठे डिस्क टाका’ म्हणणारा मिस्त्री भेटला तर चहा पिऊन निघा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी मिसळलं की उकळण्याचं तापमान धाडकन खाली येतं. मानकानुसार ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत टिकलं पाहिजे, पाणी ओढलेलं १४० पर्यंत. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. डॉट ५.१ चे २६० आणि १८०. हे आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा : जुनं झालेलं महागडं ५.१ हे ताज्या साध्या डॉट ३ च्याही आधी उकळू शकतं. म्हणून मी मध्यम भावाचं डॉट ४ वापरते आणि प्रत्येक ट्रॅकआधी पूर्ण बदलते. सीलबंद बाटलीच घ्यायची. उस्तादांच्या फळीवरची अर्धी वापरलेली ‘चांगलीय की’ म्हणून पुढे आली तरी नाही. आणि डॉट ५ हे नाव बघून फसू नका, ते सिलिकॉनचं वेगळं प्रकरण आहे, या गाडीत चालत नाही.

पॅड मी सेमी-मेटॅलिक टाकलेत. नेहमीच्यापेक्षा थोडे आवाज करतात, चाकांवर काळी धूळ जास्त, पण सहा-सात लॅप सलग तग धरतात. खऱ्या रेसचे पॅड मुद्दाम घेतले नाहीत. ते थंड असताना नीट धरत नाहीत, आणि माझी गाडी सोमवारी सकाळी सात रस्त्याच्या गर्दीत असते. ट्रॅकवरून आत आल्यावर एवढं लक्षात ठेवा : शेवटचा लॅप ब्रेक न मारता सावकाश काढायचा, आणि गाडी लावल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. गिअरमध्ये ठेवा, चाकामागे वीट लावा.

आता पाणी, म्हणजे इंजिन थंड ठेवणं. यावर मी जास्त बोलणार, कारण आमचं सुताच्या डाइंगचं काम आहे आणि बॉयलरच्या नळ्यांत क्षार साठले की काय होतं हे मी लहानपणापासून बघत आलेय. गाडी घेतली आणि रेडिएटर उघडला तर आत पांढरा थर. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून ज्याच्या-त्याच्या दारात बोअर, आणि बोअरचं पाणी जड. आधीच्या मालकांनी तेच वर्षानुवर्षं ओतलं असणार. क्षाराचा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. हायवेला काटा मध्यावर राहतो म्हणून कोणाला कळत नाही. ट्रॅकवर पाच हजार आरपीएमच्या वर सलग दहा मिनिटं गेली की काटा चढायला लागतो.

रेडिएटर नवीनच टाकला, साफ करत बसले नाही. कॅप नवीन, होस नवीन, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) नवीन. थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा सल्ला सोलापुरात तुम्हाला हमखास मिळेल, ‘आपल्या उन्हात काय करायचंय’ म्हणून. ऐकू नका. थर्मोस्टॅट नसला की हिवाळ्यात, हायवेला इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. कूलंटमध्ये पाणी मिसळायचं तर बॅटरीत घालायचं डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, घ्या. आमच्या कारखान्यात सॉफ्टनर आहे, रोज हजारो लिटर मऊ पाणी निघतं, तरी मी ते गाडीत घालत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. थर बसत नाही, पण मीठ पाण्यात राहतंच, आणि ॲल्युमिनियमच्या हेडला ते मानवत नाही.

इंजिन ऑइल ५डब्ल्यू-४०, पातळी काडीवरच्या वरच्या खुणेपर्यंत. लांब वळणात ऑइल इंजिनखालच्या चेंबरच्या एका बाजूला जातं, पंपाला हवा मिळाली तर बेअरिंगचं काम निघतं. पेट्रोलही अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, वळणात इंजिन ठसकतं.

सस्पेन्शनमध्ये मी नवं काही केलं नाही, जुनं होतं ते नवं केलं. पुढचे-मागचे शॉक ॲब्सॉर्बर, स्ट्रट माउंट, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट. सगळं मूळ मापाचं. हे ऐकायला बेचव आहे, पण इतकी वर्षं चाललेल्या गाडीत याचा फरक कुठल्याही लोअरिंग किटपेक्षा जास्त पडतो. स्टीअरिंग फिरवल्यावर गाडी विचार करून मग वळायची, ती आता लगेच वळते. वरून पुढच्या स्ट्रटला कॅम्बर बोल्ट टाकले आणि दोन्हीकडे दीड अंश निगेटिव्ह घेतला, म्हणजे चाकाचा वरचा भाग तेवढा आत झुकवला. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा, तिथे ॲडजस्ट करायला काहीच नाही. त्याचाही एक फायदाच म्हणायचा.

स्प्रिंग कापायची मात्र नाही. गाडी खाली आणायची म्हणून एक-दीड वेटोळं कापून देणारे जागोजाग आहेत, दोनशे रुपयांत. कापलेली स्प्रिंग कडक होते, पण शॉक ॲब्सॉर्बर तोच राहतो, त्याला ती आवरत नाही. चाक खाली लोंबलं की स्प्रिंग जागेवरून सुटूही शकते. वर आपले स्पीड ब्रेकर. होटगी रोडवर एकदा चेंबर घासलं की सगळी हौस फिटते.

टायर. मूळ १६५/८० आर१४, उंच आणि डुगडुगीत. मी पंधरा इंची हलके अलॉय आणि १८५/६० टाकले. चाकाचा घेर जवळपास पावणेतीन टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे गाडी जरा चटकन पळते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जरा जास्त दाखवतो. सतरा इंचीच्या वाटेला जाऊ नका. दिसायला छान, पण वजन वाढतं, आणि ८७ बीएचपीला ते ओढावं लागतं. हवा सकाळी थंड टायरमध्ये २८ पीएसआय भरते, काही लॅपनंतर ती ३४ च्या आसपास जाते. सत्र संपल्या संपल्या गेज लावून बघायचं आणि जास्त असेल तेवढी सोडायची. घरी निघताना परत भरायची. अलॉय घेताना मधल्या भोकाचं माप बघा : स्विफ्टचा हब ५४.१ मिलिमीटर, अलॉयचं भोक बहुधा मोठं, मध्ये रिंग लागते. मला ज्या दुकानानं अलॉय विकले त्यानं रिंग दिलीच नाही, ‘नटावर बसतं की’ म्हणाले. ऐंशीला स्टीअरिंग थरथरायला लागल्यावर दुसरीकडून प्लॅस्टिकच्या चार रिंगा आणल्या, थरथर गेली.

इंजिनची ताकद वाढवण्यावर माझा खर्च शून्य. बॉनेटखाली उघडा ‘कोन’ फिल्टर लावला की आवाज मस्त येतो, पण तो इंजिनजवळची तापलेली हवा ओढतो. हवा तापली की विरळ होते. २५ अंशांच्या तुलनेत ४२ अंशांच्या हवेत पाचेक टक्के ऑक्सिजन कमी, म्हणजे या इंजिनचे चार-पाच घोडे आवाजाच्या हौसेपायी गेले. मूळ एअर बॉक्स पुढून थंड हवा घेतो, त्याला हात लावू नका. फिल्टर नवीन, प्लग नवीन, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर बदललेला, एवढं पुरे. बेल्ट कधी बदलला याचं बिल आधीच्या मालकाकडे नसेल, तर बदललेलाच नाही असं धरून चाला.

पेट्रोलचं एक सांगायला हवं. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. यातल्या इथेनॉलचा काही हिस्सा आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचा असेल, त्यामुळे तक्रार करायची कोणाकडे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा एक तृतीयांश कमी, म्हणून लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते. उलट ऑक्टेन वाढतं, म्हणून उन्हाळ्यात चढाला इंजिन खडखडायचं ते थांबलं. जुन्या रबरी नळ्यांना मात्र इथेनॉल खातं आणि टाकीतला जुना गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणतं. टाकीपासून इंजिनपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या आणि फिल्टर एकदम बदलून घ्या. खर्च किरकोळ आहे, आणि पेट्रोलची गळती हा ट्रॅकवर गाडी परत पाठवण्याचा पहिला मुद्दा असतो.

चालते कशी? माझं जाणं बहुतेक तळेगावजवळच्या नानोलीच्या ट्रॅकला. मोहोळ, टेंभुर्णी, भिगवण, पुणे, तीनशे किलोमीटरच्या आत. गाडी चालवत न्यायची, चालवत आणायची. ट्रेलर वगैरे आपल्या हिशेबात बसत नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅकही केलाय, पण तो सोलापूरहून फार लांब पडतो. तिथे सरळ रस्ता लांब असल्यामुळे ८७ बीएचपी उघडे पडतात. मागून येणाऱ्याला इंडिकेटर देऊन वाट द्यायची आणि आपलं काम करायचं. आखूड, वळणावळणाच्या भागात चित्र पालटतं. तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेक सोडत वळणात शिरलं की पुढचं टोक पटकन आत येतं. जास्त वेगात शिरलात तर पुढची चाकं घसरून गाडी बाहेर पळते, आणि घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडलात तर मागचं टोक हलकं होऊन फिरायला बघतं. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २३९० मिलिमीटर, म्हणजे आखूड, त्यामुळे सगळं चटकन घडतं. पण वेग कमी असतो, म्हणून समजायला आणि सावरायला वेळ मिळतो. दीडशे पीएसच्या गाडीत हेच शिकायला गेलं तर धडा भिंतीशी संपतो.

इलेक्ट्रिक स्टीअरिंग हलकं आहे, हाताला फार काही सांगत नाही. टायर काय करतायत ते कानानं ऐकावं लागतं. गिअर छान पडतात. सीटला बाजूचा आधार नाही. वळणात उजवा गुडघा दाराला आणि डावा कन्सोलला टेकवून बसते, पहिल्या वेळी घरी येईपर्यंत पोटरी काळीनिळी. रेसिंग सीट टाकायची तर बेल्टही बदलावे लागतात आणि मग ती गाडी घरची राहत नाही. आमच्या आईला मागे बसून सिद्धेश्वराला जायचं असतं.

कायद्याचं थोडक्यात. जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, कंपनीनं ज्या स्वरूपात गाडी बनवली त्याच्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करता येत नाही. मी वर जे सांगितलं ते जवळपास सगळं देखभालीतच मोडतं, हाही या पद्धतीचा फायदा. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून पाच वर्षांची पुनर्नोंदणी घ्यावी लागते. माझी २०२३ मध्ये झाली. बदल करून ठेवलेली गाडी तिथे नेऊन बघा म्हणजे कळेल. विम्याचं लक्षात ठेवा : साध्या खासगी पॉलिसीत रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवर ठोकलीत तर खर्च तुमचा. म्हणून मी असा नियम केला, की जी गाडी रविवारी तिथेच भंगारात देऊन एसटीनं घरी यायची तयारी नाही, ती ट्रॅकवर न्यायचीच नाही.

पैशांचा अंदाज हवाच असेल : गाडी लाखाच्या थोडी आत पडली. ब्रेक, रेडिएटर, सस्पेन्शन, नळ्या, बेल्ट आणि मजुरी मिळून त्याच्या निम्म्याच्या आसपास. अलॉय आणि टायर वेगळे, आणि खरं तर सगळ्यात मोठा आकडा तोच. त्यानंतर दर ट्रॅकला ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, कधी पॅड. हेल्मेटवर मात्र कंजुषी करू नका.

घ्यायला जाल तेव्हा चकचकीत रंगाकडे बघू नका. बूटमधला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात गंज बघा, पुढच्या स्ट्रटच्या वाटीभोवती पत्रा फुगलाय का, वेल्डिंग झालंय का ते बघा. थंड इंजिन सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना खर्र झालं तर पाच-सात हजार कमी करून मागा. टॅक्सीला चाललेली नको. डिझेल नको, इंजिन जड, नाक जड. आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) हवं असेल तर वरचं मॉडेल झेडएक्सआय शोधा, मिळेल, पण वेळ द्यावा लागेल.

वजन कमी करायचं म्हणून मागची सीट, स्टेपनी, जॅक ट्रॅकवर पोचल्यावर काढून ठेवा, निघताना परत बसवा. एसीचा कॉम्प्रेसर काढून टाका असं कोणी सुचवेल. त्याला मे महिन्यात दुपारी दोनला टेंभुर्णीपासून सोलापूरपर्यंत माझ्या शेजारी बसवा.